बीट नंबर सातचा बटवडा

४ ऑक्टोबर, सकाळ
निवृत्तीला दोन वर्षं झाली. माणसाने रिकामं बसू नये. भाचीने एक खेळ सांगितला: रानात डबा लपवायचा, ठिकाण मोबाइलवर टाकायचं. लोक शोधत येतात, एक वस्तू घेतात, एक ठेवतात आणि मोबाइलवर नोंद करतात. विषय लगेच ठरवला, टपालाचा इतिहास. चौतीस वर्षं पोस्टमन होतो, माझ्याशिवाय कोण करणार? वीस तारखेला पेन्शनर संघ माझा सत्कार करतोय, 'एकही पत्र न हरवलेला पोस्टमन' म्हणून. त्याआधी डबा गाजला पाहिजे.

५ ऑक्टोबर
डब्यात हरकाऱ्याची घुंगरांची काठी (वीतभर, मीच केली), कबुतराचं पीस, जुना शिक्का, तिकिटं. तरी रिकामा दिसतो. माळ्यावरचं पुडकं आठवलं.

पुडक्याबद्दल एकदाच लिहितो, म्हणजे विषय संपला. सव्वीस वर्षांपूर्वी एका दुपारी गुडघा दुखत होता आणि रेडिओवर मॅच होती. मुख्यतः गुडघा. माझ्या बीटवरची, म्हणजे सात नंबरच्या वाटपाच्या वाटेवरची, चौदा पत्रं 'उद्या टाकू' म्हणून घरी आणली. उद्या नवी आली. त्यांना हरवलेली म्हणता येणार नाही, कुठे आहेत ते मला कायम माहीत होतं. जाळलीही नाहीत. पोस्टमन पत्र जाळत नाही. तत्त्व आहे.

डब्यात ठेवली की शोभाही येईल आणि माळाही मोकळा होईल. एका दगडात दोन पक्षी.

७ ऑक्टोबर
डबा ठेवला. रानाच्या मध्यावर, पडक्या बांधामागे. हिला चल म्हटलं, तर म्हणाली घरात चार कामं पडलीत, तुम्हीच जा. रानात एक पाखरू ओरडत नव्हतं. छान शांतता. जास्त वेळ थांबलो नाही.

१० ऑक्टोबर
पहिली नोंद! टोपणनाव 'अनवाणी'. 'डबा सापडला. वरचं पत्र घेतलं. पोचवलं.'
पोचवलं म्हणजे काय? लिहिताना चुकला असेल.

११ ऑक्टोबर
'दुसरं पोचवलं. बेकरीची गल्ली. म्हातारे गृहस्थ पाकीट घेऊन दारातच उभे राहिले.'
जेवण गेलं नाही. पित्त असणार.

१२ ऑक्टोबर
शांतपणे विचार केला. घाबरण्यासारखं काहीही नाही. पाकिटावर पोस्टमनचं नाव नसतं. भाचीने विचारलं, मामा, ती पत्रं खरी होती का? मी म्हटलं, नमुने. म्हणाली, पण नोंदीतल्या फोटोत त्यांवर तारखेचा शिक्का दिसतोय, त्या साली ती बीट कुणाकडे होती हे कुणीही सांगेल. पोरगी हुशार आहे. जरा जास्तच.

१३ ऑक्टोबर
आज दोन. दवाखान्याची गल्ली, मग लाकडाची वखार. वाचता वाचता लक्षात आलं. पत्रं ऑफिसातल्या कारकुनाने चालायच्या क्रमाने लावून सुतळीने बांधून दिली होती, नेहमीसारखी. हा वरून एकेक उपसतोय. म्हणजे माझ्याच वाटेने, घरामागून घर, पुढे सरकतोय.
निर्णय: उद्या पहाटे जाऊन उरलेली काढून आणणे.

१४ ऑक्टोबर
गुडघा. उद्या नक्की.

१५ ऑक्टोबर
गेलो. डबा सापडला नाही. मीच ठेवलेला डबा, मलाच. मोबाइल म्हणतो तुम्ही पोचलात, आणि पायाखाली नुसता पाचोळा. तेवढ्यात झाडीपलीकडे पाचोळा वाजला. मी चाललो की वाजे, थांबलो की थांबे. हाक मारली नाही, उगाच कशाला ओरडा. परत आलो. धावलो नाही. भराभर चाललो.

१६ ऑक्टोबर
वखारवाल्याची मुलगी रस्त्यात भेटली. वडिलांच्या नावाने नोकरीचं बोलावणं आलं म्हणाली, आत्ता, सव्वीस वर्षांनी. वडील जाऊन सहा वर्षं झाली. जन्मभर म्हणायचे, मला कुणी बोलावलंच नाही. मी म्हटलं, टपाल खात्याचा कारभार, दुसरं काय! ती माझ्याकडे बघतच राहिली. मी चपलांकडे बघत होतो.
वाईट वाटलं. खूप वाटलं. त्याबद्दल सवडीने लिहीन.

१७ ऑक्टोबर
संघाच्या अध्यक्षांचा फोन. सत्कार पुढे ढकललाय. हॉल मिळत नाही म्हणाले. हॉल संघाचाच आहे.

१८ ऑक्टोबर
तेरा झाली. पाण्याच्या टाकीपर्यंत आलाय. त्यापुढे बीटवरचं शेवटचं घर आमचंच.
चौदावं कुणाचं? पुडकं मी कधी सोडून बघितलंच नाही. आणि आम्हाला कोण लिहिणार? त्या आठवड्यात तर ही भांडून माहेरी गेली होती. मी न्यायला गेलो नाही, ठाम राहिलो. आठव्या दिवशी आली आपली आपण, मुकाट्याने. अजूनही चारचौघांत सांगतो, हिच्यासमोरसुद्धा. ही हसत नाही, पण तिला विनोद कळत नाहीत.

१९ ऑक्टोबर
दाराला आतून कडी लावून बसलो. ही म्हणाली, भर दुपारी? मी म्हटलं, वारा आहे. पान हलत नव्हतं.

२० ऑक्टोबर, दुपार
बेल वाजली. मी नको म्हणेपर्यंत हिने कडी काढली. दारात पन्नाशीची बाई, पायात चांगले जाड बूट. म्हणजे 'अनवाणी' ती ही बाई. बाईने आमच्या हिच्या हातात पाकीट दिलं आणि निघून गेली.

पत्ता माझा. अक्षर हिचं.

ही म्हणाली, वाचा. वाचलं. 'चूक माझीही होती. मंगळवारी दुपारच्या बसने येते. अंगात ताप आहे, बॅग जड आहे. स्टँडवर न्यायला या. नाही आलात तर काय ते समजेन.'

ही म्हणाली, दिवे लागेपर्यंत बसले होते. इतकी वर्षं समजत होते की तुम्ही वाचलंत आणि आला नाहीत.

मला एकदम हायसं वाटलं. म्हटलं, बघ! म्हणजे माझी काहीच चूक नाही. मी तर वाचलंच नव्हतं!

हिने पत्र घडी करून पाकिटात घातलं. मग आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला.

चारच्या बसने बहिणीकडे निघालीय. किती दिवस ते सांगितलं नाही. मी म्हटलं, थांब, बॅग मी घेतो, स्टँडपर्यंत येतो.

म्हणाली, राहू द्या. मला सवय आहे.