नकाशाबाहेरची टिकली

चि. भाऊ मंगरू यास,

तुझ्या थोरल्या बहिणीचा, बाईचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद. मी बरी आहे, गुडघे सोडून. तुझे कान कसे आहेत? फोनवर तू नुसता हालो हालो करतोस आणि ठेवून देतोस, म्हणून चौथीपर्यंतचं शिक्षण पुन्हा कामाले लावलं. भावजयीले सांग, तिनं दिलेली लाखोळीची डाळ संपली (हे आपलं सहज लिहिलं).

आमच्या गावातून मोठी सडक जाते, हे तुले माहीतच आहे. (नगरपरिषद झाल्यापासून याले शहर म्हणायचं. म्हशींले अजून कोणी सांगितलं नाही, त्या चौकातच बसतात.) आता ती सडक सहापदरी होऊन चौकावरून पूल जाऊन राहिला आहे. गाड्या वरच्या वर जातील, खाली कोणी थांबणार नाही, मग शहरानं खायचं काय, हा सगळ्यांले घोर. माझा घोर वेगळा. तुमच्या नाकाडोंगरीची बस चौकातून उठवून पुलापल्याडच्या नव्या स्टँडवर नेतील म्हणतात. तिथवर पायी जायचं म्हणजे माहेर यायच्या आधी माझे गुडघेच संपतील.

तर शहराचा विकास कसा करायचा हे ठरवाले नगरपरिषदेनं सभा बोलावली. नात हर्षा मले घेऊन गेली. नागपूरहून आराखडा करणारी तृप्ती मॅडम आली होती, वयानं हर्षाएवढी, पण अध्यक्षालेही "जरा सरका" म्हणते. मले लगेच आवडली. तिनं खाली लग्नातल्या सतरंजीएवढा नकाशा अंथरला, सगळ्यांच्या हाती लाल टिकल्या दिल्या आणि म्हणाली, या सडकेचा फायदा जिथं पोचावा असं वाटते, तिथं टिकली लावा. माणसं अशी धावली, जसं पंगतीत बुंदी आली! हॉटेलवाल्या ताराचंदनं आपल्या हॉटेलावर लावली, प्लॉटवाल्यांनी प्लॉटावर. एका कोपऱ्याले तर गोवर आल्यावाणी दिसत होतं.

मी नकाशात नाकाडोंगरी शोधून राहिली. नकाशा नाल्यापाशीच संपला! आता कागद संपला म्हणून माहेर थोडीच संपते? हर्षाले विचारलं उत्तर कोणीकडे, आणि निघाली फरशीवरून रांगत. अंदाजानं वाटेतलं तुमसर गाठलं तर समोर अध्यक्षाचं टेबल. खाली शिरली. त्या बिचाऱ्यानं घरात तळ्याबोडीचं पाणी शिरल्यावाणी पाय वर घेतले, आणि मी त्याच्या चपलेजवळ टिकली लावली. तिथं तुझं घर आहे, भाऊ. ताराचंद हसला, "काहो आजी, तुमचा महामार्ग माहेरालेच जाते का?" मी म्हटलं, "मग कुठं जाईल? सासरात तर बसूनच आहे ना मी!"

झालं, साऱ्या बाया उठल्या. देवकाबाईचं माहेर एकोडी, जवळच, तिची टिकली नकाशाच्या काठाले लागून. एकीचं माहेर बालाघाटकडचं, तिनं खुर्चीच्या पायालेच लावली. मंगलाबाईचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं, तिनं दोन टिकल्या मागितल्या, एक नव्या गावाची, एक बुडालेल्याची. मॅडमनं दोन दिल्या. मग हळूच स्वतःची एक टिकली घेऊन दाराच्या उंबरठ्यावर लावून आली (मागच्या उन्हाळ्यातच लग्न झालं म्हणे, लेकराचं).

नंतर ती अध्यक्षाले म्हणाली, सर, गावोगावची माणसं चौकात उतरतात म्हणून तुमचा बाजार भरते. वरून जाणाऱ्या मोटारी जाऊ द्या. पुलाखाली या गावोगावच्या बसगाड्या थांबवा, बाजूले भाजीबाजार बसवा. ताराचंद लगेच म्हणाला, मी तर हेच म्हणत होतो! अध्यक्ष म्हणाले, विचार करू, पण त्या बसनं माणसं येतात का ते आधी पाहू. एवढं झाल्यावर चहा आणि समोसा मिळाला. माझा समोसा मी तृप्तीले दिला, तिनं अर्धा मले परत दिला.

लेकराबाळांले आशीर्वाद.

तुझी बाई,
पार्वताबाई

ता.क. खरी गोष्ट राहूनच गेली. येत्या मंगळवारी मॅडम चौकात उभी राहून तुमच्या बसमधून किती माणसं उतरतात ते मोजणार आहे. तर तू, भावजय, सुना, लेकरं, आणि गल्लीत जे रिकामे असतील ते सारे या. हर्षा म्हणते, आजी, हे बरोबर नाही. मी म्हटलं, बस खरी, माणसं खरी, उतरणं खरं, मग खोटं काय? आपण दोघंही पंचाहत्तरीच्या पुढचे. एस.टी. आपल्याले फुकट नेते, तरी दिवाळीमागच्या मंडईच्या दोन जत्रा झाल्या, तू आला नाहीस. हे पत्र त्याच बसच्या कंडक्टरजवळ दिलं आहे. त्याले पाणी विचार.

आणखी ता.क. मॅडम उतरणारे मोजणार आहे. चढणाऱ्यांचं ती काही बोलली नाही. तेव्हा परत जायची घाई करू नका. गाद्या उन्हात टाकल्या आहेत.