सरावाचं पान

६ जानेवारी, सोमवार
आज वरवंडला आले. चुलत्यांनी, म्हणजे आप्पांनी, केंदूरहून मोटरसायकलवर आणून सोडलं. मोनिकाताईंचा क्लास हायवेलाच, खताच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर आहे. चार कॉम्प्युटर, मागं राहायला खोली, खिडकीतून उसाच्या ट्रॉल्या दिसतात. ताई आप्पांच्या ओळखीच्या. फी घेणार नाहीत, आणि वेबसाइट करायला आलं की नोकरीही इथंच. निघताना आप्पा म्हणाले, "तुझ्या आईबापामागं माझ्यानं एवढंच झालं बघ." मी पाया पडले. सध्या मी एकटीच आहे, बाकीच्या मुली फेब्रुवारीत येणार म्हणे.

९ जानेवारी, गुरुवार
एचटीएमएल वाटलं होतं तेवढं अवघड नाही. साध्या नोटपॅडमध्ये लिहायचं. टॅग उघडला की बंद करायचा. काल हेडिंगचा बंद करायला विसरले तर खालचा सगळा मजकूर शेणीएवढाल्या अक्षरांत आला. ताई पोट धरून हसल्या.
आज स्वतःचं पान बनवलं. नाव स्वप्नाली, वय वीस, उंची, गाव, शिक्षण. ताई म्हणाल्या, स्वतःबद्दल लिहिलं की यादी, टेबल, फोटो, सगळ्याचा सराव होतो. फोटोसाठी त्यांनी आपली अबोली साडी नेसवली. पान वेबसाइटवर कसं चढवायचं तेही दाखवलं. आप्पांना फोटो पाठवला. त्यांनी अंगठा पाठवला.

१५ जानेवारी, बुधवार
माझ्या पानावर मी न लिहिलेल्या ओळी आहेत. "स्वभाव गरीब. आईवडील नाहीत. मागे विचारणारे कोणी नाही."
ताईंना विचारलं. म्हणाल्या, नमुन्याचा मजकूर आहे, जागा भरायला टाकतात तसा. मी पुसला. पण नमुन्याला कसं कळलं आईवडील नाहीत ते?

१८ जानेवारी, शनिवार
ओळी परत आल्यात. खाली नवीन एक, वजन ४६ किलो. परवा ताईंनी मला खालच्या दुकानातल्या काट्यावर, खताच्या गोणीशेजारी उभं केलं होतं. गंमत म्हणून. मीही हसले होते.

२२ जानेवारी, बुधवार
ताई दौंडला गेल्या होत्या. दुपारी एक बाई जिना चढून आल्या. वडगाव रासाईच्या सरूबाई. त्यांची अनिता गेल्या वर्षी इथं शिकायला होती. ताईंनी त्यांना सांगितलंय की तिला पुण्यात कंपनीत काम लागलं. "दिवाळीपासनं आवाज न्हाई ऐकला गं. कंपनीचं नाव तरी सांग." मला काहीच माहीत नव्हतं. पाणी दिलं. त्यांनी आपला नंबर चिठ्ठीवर लिहून घ्यायला लावला.
त्या गेल्यावर कॉम्प्युटरमध्ये शोधलं. माझ्या फोल्डरच्या वर सहा फोल्डर. सहा मुली. अनिताच्या पानावर तीच अबोली साडी आणि त्याच ओळी. मागे विचारणारे कोणी नाही.
तिची आई आत्ताच जिना उतरून गेली होती.
सहाही पानांवर शेवटी लाल अक्षरांत एकच शब्द आहे. "ठरले."

२३ जानेवारी, गुरुवार
गच्चीवर जाऊन आप्पांना फोन केला. सगळं सांगितलं, न्यायला या म्हटलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई सांगतील तसं वाग, पोरी. लांब हाय, पर घर चांगलं हाय. जिमीन हाय त्यांची."
मी कुठल्याच घराबद्दल बोलले नव्हते.
मी विचारलं, कुणाचं घर, आप्पा? त्यांनी फोन ठेवला.
संध्याकाळी ताईंनी माझा मोबाइल दुरुस्तीला म्हणून नेला. तो बिघडलेला नव्हता. सरूबाईंच्या नंबरची चिठ्ठी त्याच्या कव्हरातच होती.

२४ जानेवारी, शुक्रवार
माझं पान आज पूर्ण वाचलं. एका टॅगमध्ये ओळ आहे, पडद्यावर दिसत नाही, फक्त कोडमध्ये दिसते. "माहिती देणारे — चुलते, पोपटराव."
म्हणजे विचारणारं कोणी नाही, हे त्यांनीच सांगितलं. ज्यांच्या ताटात मी चौदा वर्षं जेवले —
खाली लाल अक्षरं. ठरले. रविवार.

२५ जानेवारी, शनिवार
क्लासच्या दाराला बाहेरून कडी आहे. खिडकीतून हाका मारल्या. ट्रॉल्यांवर गाणी मोठ्यानं लावलेली असतात. खतवाल्यानं एकदा वर पाहिलं आणि शटर ओढलं.
इंटरनेट चालू आहे. माझ्या पानावरचं सगळं पुसून लिहिलं. मी स्वप्नाली. हे लग्न मला विचारून ठरलेलं नाही. वरवंड, खताच्या दुकानावर, दुसरा मजला. अनिता इथं होती. आई सरूबाई तिला शोधतायत.
तेच सातही पानांवर चढवलं. घाईत दोनदा टॅग बंद करायचा राहिला. दिसतंय. सगळीकडं दिसतंय.

२६ जानेवारी, रविवार
सकाळचे नऊ. अनिताच्या पानावरून माझ्या ओळी गेल्या. मग दुसऱ्या पानावरच्या. मी चढवते, तिकडून कोणी पुसतं —
चार उरलीत.
दोन.
दाराला टेबल लावलंय. खाली गाडी थांबली. हिंदीत बोलणारी माणसं. ताई जिन्यातून गोड आवाजात हाक मारतायत —
माझं एकच पान उरलंय. कोणीतरी वाचलं असेल. एकानं तरी —
आप्पांचा आवाज. आप्पा आलेत. न्यायलाच आले, बदलले, असं वाटून मी उठले, टेबलाला हात घातला. आणि ते म्हणाले, "पोरी, दार उघड, पाव्हणं खोळंबल्यात. लांबचा पल्ला हाय —"
टेबल सरकतंय. मी परत चढव