हिरव्या दिव्याखालची रेघ

४ फेब्रुवारी

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

फोनवर माझं अर्धं बोलणं तुमच्या कानाबाहेरच राहतं, म्हणून कागदावर लिहिते. तुमच्याकडे बसवलेला इंटरनेटचा डबा नीट चालला आहे. इस्पितळाच्या नेटवर्क खोलीत मी दिवसभर जे करते, तेच आता घरच्या कॉम्प्युटरवर तुमच्यासाठी करते. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक यंत्राला एक दिवा असतो, तसा तुमच्या टॅबलाही आहे. हिरवा म्हणजे चालू, लाल म्हणजे बंद. दिव्याखाली एक रेघ असते, ती यंत्र किती काम करतंय ते दाखवते. तुम्ही आणि तुमचे मित्र आपापल्या घरी बसून टॅबवर व्हिडिओ कॉल लावून बुद्धिबळ खेळता, हातवारे करून भांडता, तेव्हा तुमची रेघ नुसत्या उड्या मारते.

ठरलेलं विसरू नका. दिवसभर दिवा लाल दिसला तर बिऱ्हाड आवरून माझ्याकडे राहायला यायचं. तुम्ही एकटे असता आणि मला काही उशिरा कळेल, याची फार भीती वाटते.

जेवणाची वेळ पाळा. लोभ आहेच, तो वाढता ठेवा.

तुमची,
बयो

९ फेब्रुवारी

चि. सौ. बयोस,
अनेक आशीर्वाद, त्यातला एखादा तुझ्या दिव्यांनाही.

बाप धड आहे की नाही हे दिव्यावरून ठरवायचे दिवस आले म्हणायचे. असो. हिरवा म्हणजे मी आहे आणि लाल म्हणजे गाशा गुंडाळा, एवढं समजलं. बाकी रेघाबिघा तुझ्या तुला लखलाभ.

तुझ्याकडे मला काही कमी पडणार नाही, जावईबापू तर देवमाणूस. पण इथे माझं हत्यारांचं टेबल आहे. शेजारची शिंपीणबाई मशीन अडलं की अजून मलाच हाक मारते, आणि ती हाक मला ऐकूही येते. तुझ्याकडे मी काय करू? एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशीचं तुला ठाऊकच आहे. तेव्हा दिवा हिरवाच राहील, निर्धास्त अस.

तब्येतीला जप. जावईबापूंना आशीर्वाद सांग.

बाबा

२१ फेब्रुवारी

चि. सौ. बयोस,
आशीर्वाद.

इकडे सगळं उत्तम. दिवा हिरवा आहे, तुला दिसतच असेल. अक्षर वाकडंतिकडं आलंय, टेबलाचा एक पाय जरा लंगडतोय. इतक्यात इकडे यायची तसदी घेऊ नकोस, घरात रंगकाम काढलंय.

घाईत आहे, गोड मानून घे.

बाबा

२७ फेब्रुवारी

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

काल तुमच्या गावच्या इस्पितळात, वॉर्डच्या दारात मला पाहून तुम्ही घाईघाईनं डोळे मिटलेत. झोपेचं सोंग घेतलेल्याला उठवता येत नाही, म्हणून तुमच्या प्लास्टरमधल्या पायाशी बसून राहिले. तुमच्याशी बोलायचं तर सगळ्या वॉर्डाला ऐकू गेलं असतं. म्हणून हे पत्र.

शिंपीणबाईंना बोल लावू नका. त्या बिचाऱ्या तुमच्या सांगण्यावरून रोज सकाळी घर उघडून टॅब चालू करत होत्या आणि संध्याकाळी बंद. दिवा अगदी हिरवागार होता. खालची रेघ मात्र सपाट. आधी मीही दिव्यावरच विसंबले. मग लहानपण आठवलं. तुम्ही मला कामावर न्यायचात आणि बजावायचात, की लिफ्ट चालतेय का ते मजल्याच्या दिव्यावरून ठरवायचं नाही, दोर हलतोय का ते बघायचं. लिफ्टच्या दुरुस्तीत जन्म गेलेला माणूस मला दिवा दाखवून फसवायला निघाला. मी बाईंना फोन केला, तर त्या रडायलाच लागल्या आणि सगळं सांगून टाकलं.

मला राग आला होता, खोटं कशाला लिहू. पण बसल्या बसल्या कळलं, की घर सुटेल म्हणून तुम्ही पाय मोडल्याचं माझ्यापासून लपवलंत. पाय मोडल्यावर माणसाला पोरीची आठवण यावी, तुम्हाला माझी भीती वाटली. याचं फार वाईट वाटलं. ती अट मी मागे घेते. बरे झालात की आपल्याच घरी जा. तुमचं घर मी माझ्या पडद्यावरून काढून टाकलं आहे. यापुढे कसे आहात ते तुम्हीच लिहायचं, मी खरं मानीन.

लोभाचं काय लिहू, तो तुम्हाला माहीत आहे.

बयो

२० मार्च

चि. सौ. बयोस,
आशीर्वाद, या खेपेला सगळे तुलाच.

कुबडी घेऊन घरी आलो. शिंपीणबाईनं घर लख्ख ठेवलं होतं. रोज टॅब चालू करून करून तिला त्याचा लळा लागलाय. आता बुद्धिबळ शिकवा म्हणते. घोडा सरळ चालवते आणि वर माझ्याशीच वाद घालते.

तुझ्या अटीला मी भ्यालो, हे खरं. पण इस्पितळात पडल्या पडल्या दिवसभर एकच मनात यायचं, पोर आत्ता बघत असेल का. आपण पकडले जाऊ नये असं वाटायचं, आणि कुणीतरी पकडावं असंही वाटायचं. तू दारात दिसलीस तेव्हा डोळे मिटले, कारण ते भरून आले होते आणि इतक्या लोकांत बरं दिसलं नसतं. तू पायाशी बसून राहिलीस, ते बरं केलंस.

माझं घर तुझ्या पडद्यावर परत घे. तिथून गेल्यापासून उगाच चुकल्याचुकल्यासारखं होतं. रेघ सपाट दिसली तर ये.

उड्या मारताना दिसली तरी ये.

बाबा