मामांनी पाठवलंय

तीर्थरूप मामांस,

तुमच्या भिंगरीचा लांबूनच (तुमचा हात पोचणार नाही इतक्या लांबून) नमस्कार.

हे पत्र मी गेली दोन वर्षं रोज उद्या लिहिणार होतो. एकदा मायना लिहूनही झाला, पण मग शाई आणायला गेलो आणि तिकडेच एका बोटीवर कामाला लागलो. मी काही आणायला गेलो की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. तुमच्या दुकानातूनही काळ्या दोऱ्याची दोन रिळं आणायलाच निघालो होतो. (रिळं घेतली होती, खोटं बोलत नाही.) मामींचे गुडघे कसे आहेत? तुम्ही अजून ओठांत टाचण्या धरूनच गिऱ्हाइकांशी बोलता का? ही चौकशी वरवरची समजू नका. माझ्या खोलीखाली लाँड्री आहे. संध्याकाळी खिडकीत बसलो की इस्त्रीखालच्या ओल्या कापडाचा वास वर येतो, आणि वाटतं, आता मागून आवाज येणार, "भिंगरी, पाणी कमी शिंपड!" मग मी उगाच मागे वळून बघतो. मागे फक्त माझी ट्रंक असते.

बोटीनंतर मी एका फोटोग्राफरकडे लहान मुलांना हसवायचं काम केलं (मुलं रडायची, फोटोग्राफर हसायचा). पण ते राहू दे. मुद्दा असा की गेल्या आठवड्यात एका मोठ्या शिंप्याच्या दुकानावर 'काज-बटणाला माणूस पाहिजे' अशी पाटी दिसली आणि पाय आपोआप आत वळले. तिथे एक छापील अर्ज देतात. नाव, वय, शिक्षण (शाळेचं नाव लिहिलं, इयत्ता लिहिली नाही) आणि सगळ्यात शेवटी, 'ओळख कोणाची?' त्यापुढे भरपूर जागा सोडलेली होती, आणि मोकळी जागा दिसली की माझा हात थांबत नाही. तुमचं नाव लिहिलं. तरी जागा उरली, म्हणून 'हे माझे सख्खे मामा' असं लिहिलं. इथवर सगळं खरं होतं. पण अजून एक ओळ उरली होती हो! तिथे लिहून टाकलं, 'त्यांनीच मला आग्रहाने आपल्याकडे पाठवले आहे.'

मालकीणबाईंनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचला.

"आग्रहाने पाठवलं?"

"फार आग्रहाने."

"त्या माणसाने जन्मात कोणाची शिफारस केलेली नाही," बाई म्हणाल्या. "चिठ्ठी मागितली की म्हणणार, शिवलेलं घेऊन जा, तेच बोलेल." हे त्यांनी असं ओठ मिटून म्हटलं की तोंडात टाचण्या असल्याचा भास झाला. मी दार कुठल्या बाजूला आहे ते बघून ठेवलं. पण त्यांनी एक चिंधी आणि सुई पुढे सरकवली. काज करून दाखव म्हणाल्या.

माझे हात तुम्हाला माहीतच आहेत. लिहितो उजव्याने, जेवतो उजव्याने, फक्त सुई डाव्या हातात. सातव्या वर्षापासून मी टेबलाच्या पलीकडे, तुमच्यासमोर त्या लंगड्या स्टुलावर बसायचो. तुमचा हात ज्या बाजूला जाईल त्या बाजूला माझाही जायचा. तुमच्या लक्षात येईपर्यंत मी तुमचा आरसा होऊन बसलो होतो. तेव्हा तुम्ही इतके हसलात की ओठांतल्या सगळ्या टाचण्या एका वकिलाच्या कोटात पडल्या. तुम्हाला तसं हसताना मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

काज संपवून मान वर केली, तर बाई काजाकडे बघतच नव्हत्या. माझ्या हाताकडे बघत होत्या. मग त्यांनी चिंधी ओढून घेतली आणि माझ्या काजाशेजारी दुसरं काज घातलं. डाव्या हाताने! (हिशेबाच्या वहीत उजव्याने लिहिताना मी त्यांना नुकतंच पाहिलं होतं.) "त्याच स्टुलावर बसायचे मी," त्या म्हणाल्या, "तुझ्या आधी." मामी कधीकधी 'ती असती तर' म्हणायच्या आणि तुम्ही शिवणयंत्राचा आवाज वाढवायचात, ती तुमची आधीची शिकाऊ हीच, मामा. पहिल्या नोकरीसाठी तुमच्याकडे चिठ्ठी मागितली, तुम्ही दिली नाहीत, आणि ही न सांगता निघून गेली. म्हणजे तुमच्या दुकानातून न सांगता जाणारा मी पहिला नाही, एवढं तरी माझ्या बाजूने धरा.

बाकी मी मजेत आहे.

तुमचा,
भिंगरी

ता. क. सोमवारपर्यंत तुमची चिठ्ठी आली तर नोकरी माझी, नाहीतर पाटी पुन्हा बाहेर लागणार. 'भाचा कामाला बरा आहे' एवढं पुरे. 'बरा'वर मी खूश आहे. तारीख मात्र माझ्या अर्जाच्या आधीची घाला.

ता. क. दुसरा. विचार करता ही चिठ्ठी बाईंना माझ्यासाठी हवी आहे असं वाटत नाही. 'स्वतःच्या हाताने लिहितील ना? वर माझं नाव घालतील ना?' असं त्यांनी तीनदा विचारलं. तर नाव घालाच. माझ्याबद्दल एक ओळ कमी लिहिलीत तरी चालेल. (त्यांचं काज तुमच्यापेक्षा सुबक आहे.)

ता. क. तिसरा. जिन्यावर पावलं वाजली, मला वाटलं घरमालक. तर दारात बाई! हातात पिशवी, पायांत प्रवासाच्या चपला. टपालाची वाट बघवत नाही, दुपारच्या गाडीने स्वतःच निघाल्या आहेत, हे पत्रही त्याच आणताहेत. माझ्या खांद्यावरून वाचायला लागल्या. कंसातलं वाक्य खोडायला गेलो तर "राहू दे" म्हणाल्या. मग हळूच विचारलं, "पण दारात उभं करतील का रे मला?" मी म्हटलं, त्यात काय, बिनधास्त माझं नाव सांगा. आधी हे पत्र दाराखालून आत सरकवा, थोडं थांबा आणि मग भाच्याने पाठवलंय म्हणा. बाईंचा चेहरा एकदम खुलला आणि 'आटप लवकर' म्हणत त्या जिना उतरून खाली थांबल्या. तुमच्या दारात माझ्या नावाला काय किंमत आहे हे मला नंतर आठवलं. आता कोणत्या तोंडाने सांगू? म्हणून मामा, 'भाच्याने पाठवलंय' असं कानावर आलं की हातातली इस्त्री आधी खाली ठेवा, आणि मग दार उघडा.