गव्हर्नरची शांत गावं

कोलोन, मंगळवार, संध्याकाळ

चहा दोनदा गार झाला. प्रबंधातल्या माझ्या पोर्तुगीज गव्हर्नरची कारकीर्द आज एका पानात बसवली. लिस्बनचं उमराव घराणं, मग आमच्या वसईच्या किल्ल्यावर काही वर्षं, मग बढती. पान उद्या प्रोफेसरबाईंना द्यायचंय. गेनाऊ, अगदी बरोबर, हेच हवं होतं, असं त्यांच्या जर्मनमध्ये म्हणतील.

मग बाबांचा फोन आला. हौसेने त्यांना मराठीत वाचून दाखवलं. "त्याच्या काळात गावं शांत होती" इथे त्यांनी थांबवलं.

"हे कोण म्हणतं?"

"त्याचंच पत्र आहे, बाबा."

"बरं." मग म्हणाले, "रविवारी विहीर उपसतोय. या वर्षी तू नाहीस."

एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं. दर मे महिन्यात विहीर उपसली की आम्ही सगळे उतरून तळाला हात लावतो, कारण त्या गव्हर्नरच्या माणसांच्या भीतीने आमच्या पूर्वजांनी घरचा देव तिथे लपवला होता. लहानपणापासून ठाऊक आहे मला हे. तरी "गावं शांत होती" लिहिलंच कसं? चार वर्षं त्याची पत्रं वाचून त्याच्याच डोळ्यांनी बघायला लागले का मी?

वाक्य खोडलं. पुन्हा लिहिलं. पुन्हा खोडलं. त्याच्या पत्राला दप्तरखान्याचा क्रमांक आहे. विहिरीला कुठून आणू?

शेवटी देव विहिरीत लपवल्याचं लिहिलं आणि खाली तळटिपेत बाबांचं नाव घातलं. बाई विचारतील, हे कोण.

विचारू देत.