शिवतेजचा लॅपटॉप चालवून बघितला

कडेगाव,
एप्रिल १९९९

मेढ्याच्या ती. लालासाहेब दाजींच्या पायाशी कडेगावच्या नाथाजीचा दंडवत. आक्काचा गुडघा आता तिला जिना चढू देतो का? तुमचा खोकला गेला नसंल, कारण तुमी औषध घेत न्हाई हे मला म्हाईत हाय.

तर दाजी, आमच्या पोरीसाठी, साक्षीसाठी तुमी धाडलेलं स्थळ येऊन गेलं. शिवतेज दिसायला बरा हाय, पण मला त्याचा संशय येतोय. पुण्यात काय करतो इचारलं, तर म्हणं कॉम्प्युटरवरचे खेळ खेळून त्यातल्या चुका काढतो. खेळायचा पगार! (आमच्या चुलतभावानं जन्मभर पत्ते कुटले, त्याला कुणी चहा पाजला न्हाई.) संगं मांडीवरचा कॉम्प्युटर आणलेला, त्याला लॅपटॉप म्हणत्यात. असला दणकट लॅपटॉप अख्ख्या जिल्ह्यात न्हाई म्हणाला. खरसुंडीच्या बाजारात बैल इकणारे हेच बोलत्यात, म्हणून मी जास्तच सावध झालो. आपण बैल चार दिवस औताला जुपतो, मग पसंती सांगतो. तसंच म्हणलं, पावणं, यंत्र ठेवून जावा, चालवून बघतो. ज्याचं यंत्र खोटं, त्याचं बोलणंबी खोटं. त्यानं साक्षीला चालवायचं शिकवलं आन निमूट ठेवून गेला. (इतक्या सहज दिलं म्हणजे खोट आसणारच.)

दात बघायची सोय न्हाई, म्हणून झाकण उघडून-मिटून बिजागरी तपासली. खोड निघाली न्हाई, तवा आणखीच संशय आला. मग साक्षीनं गाड्यांची शर्यत लावली. माझी गाडी सारखी भिंतीत! पोरगी खदाखदा हसत हुती. स्थळं बघायला लागल्यापासून ती आशी हसली नव्हती, पण मी ते मनावर घेतलं न्हाई, कारण माझा हात यंत्राच्या पोटाला लागला आन चटकाच बसला. आत धापा चाललेल्या! जाग्यावर बसून धापा टाकणारं जनावर कोण घील? तापल्या बैलावर आपण वल्लं पोतं टाकतो, मी तेच केलं. (साक्षी तवा चहा ठेवायला गेलेली.) धापा लगीच थांबल्या.

सबब यंत्र नापसंत, आन पोरगाबी नापसंत. पत्रिका जुळत न्हाई म्हणून कळवा. साक्षी रडतीया, पण बापाला जास्त कळतं.

तुमचा
नाथाजी

ता. क. पोतं टाकल्यापासून लॅपटॉपमदी अंधारच हाय. नकार कळवला तर तो यंत्र न्यायला येणार. तवा जरा दम धरा, आन असलं कुठं दुरुस्त हुतं का, याची साताऱ्यात गुपचूप चौकशी करा.

आणखी ता. क. पाकीट चिकटवायच्या आत शिवतेजच दारात! मी सगळं सांगून टाकलं आन शिव्या खायला हुबा राहिलो. त्यानं आदी माझा हात धरून उलटासुलटा बघितला. म्हणाला, "काका, शॉक तर न्हाई ना बसला?" मग यंत्राकडं बघितलं आन मटकन खाली बसला. साक्षीनं कुणी न सांगता त्याला पाणी दिलं. दाजी, मला लय लाज वाटली. पोरगा पसंत हाय! पण त्याचं यंत्र बुडवून 'पसंत हाय' कुठल्या तोंडानं म्हणू? पत्र मिळताच निघा. आता त्यानं आमाला पसंत करावं, एवढं तुमी त्याला समजवा.