सुईला भिणारा सुईवाला

॥ श्री ॥
ताडकळस, ता. ६ मे १९४१

ती. बन्सीदादास धाकट्या कोकिळेचा शि. सा. न. वि. वि.

इकडे पटकीची साथ आहे. आमचे हे सरकारी दवाखान्यात कंपाउंडर, तेव्हा दिवसभर लोकांना लस टोचत हिंडतात. गंमत म्हणजे स्वतः सुईला भितात! अजून टोचून घेतलं नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! लस संपलीय, नवी आली की पहिली आपल्या आईला. लोभ आहे तो असू दे.

कोकिळा

॥ श्री ॥
सोलापूर, ता. १८ मे

चि. सौ. कोकिळेस अनेक आशीर्वाद वि. वि.

आमच्या साप्ताहिकाचा अंक माणसाच्या हाती पाठवतो. ‘सुईला भिणारा सुईवाला’ हा लेख माझा. नाव छापलेलं नाही. तुझ्या माणिकरावांना रागावू नका म्हणावं. निजामाचा पगारी नोकर स्वतः घेत नाही ती सुई रयतेने का घ्यावी, एवढंच विचारलंय. मुद्दा बिनतोड आहे. आईला वाचून दाखव. लोभ वाढावा.

बन्सीधर

ताडकळस, ता. २ जून

दादास नमस्कार.

वर श्री नाही, त्यावरून ओळखलं असशील. आई काल दुपारी पटकीने गेली. लस आली होती, पण तिने हात मागे घेतला. म्हणाली, जावई सोता घेईना अन् आमाला का. माह्या बन्सीनं छापलंय ते खोटं कसं. ह्यांनी तिच्यासमोर डोळे मिटून टोचून घेतलं. तर म्हणाली, आता लाजंनं घ्यायलाय.

हे भितात, खरं आहे. पण वैद्याने पथ्य मोडलं म्हणून पथ्य वाईट होतं का? एवढं शिकून तुला हे कळू नये? घरातली थट्टा छापलीस, त्याचाही मला लय राग आहे. तेराव्याला ये.

कोकिळा

सोलापूर, ता. ७ जून

चि. सौ. कोकिळेस आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. बुधवारी निघतो. साथीच्या गावी जायचं म्हणून काल टोचून घेतलं; दंड सुजलाय. लेख चुकला असं छापायचं होतं, पण संपादक म्हणतात, सरकारचं फावेल. मला ढोंगी म्हण.

बन्सीधर

ताडकळस, ता. ११ जून

दादास नमस्कार.

हे तुला आणायला पूर्णा स्टेशनावर येतायत, त्यांच्याच हाती पत्र देते. टोचून घेतलंस, बरं केलंस. ढोंगी म्हणणार नाही. तू सुई घेतलीस म्हणून लेख खोटा ठरला नाही; तो आधीच खोटा होता. मी तो आईला हसत हसत वाचून दाखवला, ते माझं मी भोगते.

शेजारच्या धुरपताबाई अजून तोच अंक दाखवून सुई नाकारतात. घरी येण्याआधी त्यांच्या ओट्यावर जा. दंड दाखवू नकोस. लेख चुकला, एवढंच तोंडाने म्हण.

लोभाची ओळ त्यानंतर लिहीन.

कोकिळा